बारीक प्रिंट आणि सौम्य प्रिंट: स्कार्फ निवडताना होणारी गल्लत

‘कुर्ता फुलाफुलांचा आहे ना, मग डोक्याला बारीक नक्षीचा स्कार्फ बांध, म्हणजे अंगावर येणार नाही,’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्यात दोन निराळ्या गोष्टी एकच धरल्या जातात. नक्षी बारीक आहे की मोठी, हा आकाराचा प्रश्न. ती सौम्य आहे की ठळक, हे ठरतं जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या कापडाचा रंग आणि वरच्या नक्षीचा रंग यांच्यात गडद-फिकट फरक किती आहे त्यावर. काळ्या जमिनीवरचे मुगाएवढे पांढरे ठिपके बारीक असले तरी सौम्य अजिबात नाहीत. उलट बदामी जमिनीवर जराशा गडद बदामी रंगाची तळहाताएवढी पानं असतील, तर प्रिंट मोठं असूनही गप्प बसतं.

आकार कामाला येतो तो कपड्यावरही नक्षी असेल तेव्हा. बारीक चौकडीच्या शर्टावर तितक्याच बारीक ठिपक्यांचा स्कार्फ घेतला, तर नजर कुठेच ठरत नाही. दोन्हींपैकी एक नक्षी निदान दुपटीने मोठी असावी आणि एखादा रंग दोन्हीकडे असावा, एवढं पुरतं. तो रंग अगदी तंतोतंत सारखा मिळण्याचा हट्ट मात्र नको. जवळजवळ सारखा असला तरी भागतं.

कपडा प्लेन असेल तर आकाराची फारशी चिंता नको. तिथे ठळकपणा बघायचा, कारण स्कार्फ चेहऱ्याला लागून असतो आणि जास्त ठळक नक्षी नजर स्वतःकडे खेचून घेते. तसंच हवं असेल तर खुशाल घ्यावा. फक्त ‘बारीक आहे म्हणून घेतला’ असं स्वतःला समजावू नये. बारीक आणि ठळक नक्षीची आणखी एक गंमत म्हणजे ते काळे-पांढरे ठिपके हातभर अंतरावर डोळ्यांत भरतात आणि बरंच लांबून बघितलं की एकमेकांत मिसळून राखाडी दिसतात. म्हणून आरशापासून चार पावलं मागे जाऊनही बघावं.

ठळकपणा ओळखताना रंग फसवतात. लाल आणि हिरवा एकमेकांपासून कितीही वेगळे वाटले, तरी दोन्ही सारखेच गडद असू शकतात. पांढऱ्यावरचा लिंबू रंग तर दुरून जवळपास नाहीसाच होतो. मोबाइलवर स्कार्फ आणि कपडा यांचा एकत्र फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करावा, लगेच कळतं. शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. फ्रान्समधल्या गोबलँ या भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात निळ्या-जांभळ्या रंगांलगतचा काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. तिथल्या रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्ह्रल यांनी तपासलं, तर दोष काळ्या रंगात नव्हताच, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. दिव्याखाली एकटा छान दिसलेला स्कार्फ कपड्याशेजारी धरल्यावर वेगळा का वाटतो, त्याचं एक कारण हेच.

घडी घातल्यावर तर आकार आणि ठळकपणा यांतला फरक उघडाच पडतो. ९० सेंटीमीटरचा चौकोनी स्कार्फ तिरपा दुमडला की साधारण १२७ सेंटीमीटर लांब बाजूचा त्रिकोण होतो आणि ती बाजू कपाळावर येते. त्यामुळे मधोमध असलेलं मोठं फूल बरोबर कपाळावर अर्धं कापलं जातं. चुण्या पडल्या की उरलेल्या मोठ्या नक्षीचेही नुसते रंगाचे पट्टे होतात. आकार असा बदलतो, पण गडद-फिकट फरक तसाच राहतो. त्यामुळे मोठ्या प्रिंटचा स्कार्फ पसरून नाही, बांधूनच पारखावा.

काठाचंही तसंच. चौकोनी स्कार्फचा काठ खांद्यांवर आणि पाठीवर येतो, म्हणून त्याचा मेळ कपड्याशी बघायचा. लांब स्टोलचा काठ मात्र कपाळावरून आणि गालांलगत जातो. तो फार ठळक वाटला, तर तेवढा भाग आत दुमडून पिन लावली की काम झालं.