वह्या दोन, हिशेब एक: नेटविना चालणाऱ्या ऑनलाइन खरेदीची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की फोनवरच्या रेंजच्या काड्या कमी होत जातात. कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाकडे जाताना मध्ये कितीतरी पट्टे असे लागतात, जिथे साधा फोनही लागत नाही. त्यात पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही मुका होतो. या पट्ट्यातली माणसं खरेदी मात्र थांबवत नाहीत, कधीच थांबवली नव्हती.

मोबाइल येण्याआधी इथली रीत चिठ्ठीची होती. सकाळी सुटणाऱ्या वस्तीच्या बसच्या कंडक्टरमामांच्या हातात यादी द्यायची, खानापूरच्या किंवा बेळगावच्या रविवार पेठेतल्या दुकानदाराने माल बांधायचा, संध्याकाळच्या बसने पिशवी परत. यादीत नुसती नावं नसत. ‘तूरडाळ दोन किलो, महाग झाली असेल तर एकच’, ‘चहा नेहमीचा, नसेल तर दुसरा चालेल’ असंही लिहिलेलं असे. दुकानदार मध्येच विचारू शकणार नाही हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतं, म्हणून त्याच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून पाठवली जात. नेट नसतानाही चालणारी खरेदीव्यवस्था बांधायची म्हणजे मुळात हेच करायचं असतं, असं माझं ठाम मत आहे: कोणता निर्णय न विचारता घेता येईल आणि कोणता थांबवून ठेवावा लागेल, हे आधी ठरवणं.

टपालखात्याने हे फार पूर्वी ओळखलं होतं. भारतात व्हीपीपी, म्हणजे पार्सल दारात आल्यावर पोस्टमनकडे पैसे देऊन सोडवण्याची सोय, १८७७ साली सुरू झाली आणि मनीऑर्डर १८८० साली. व्हीपीपीत विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांच्यात थेट बोलणं नाही, तरी व्यवहार होतो, कारण पैसे आणि माल यांची गाठ पोस्टमन दारात घालून देतो. २०१० साली फ्लिपकार्टने माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हा गावाकडच्या जुन्या माणसांना त्यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं.

ऑनलाइन खरेदीचा जन्म मात्र चालू तारेच्या भरवशावर झाला. इंग्लंडमध्ये मायकेल ऑल्ड्रिच यांनी १९७९ साली घरातला टीव्ही टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडून दाखवला आणि १९८४ साली गेट्सहेड गावातल्या एका आजींनी घरबसल्या वाणसामान मागवलं. तार तुटली तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पुढे १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ काढली, ती खरेदीच्या टोपलीसाठी. टोपलीची आठवण दुकानाच्या संगणकावर न ठेवता गिऱ्हाइकाच्याच यंत्रात ठेवायची, ही ती कल्पना. वहीचं एक पान गिऱ्हाइकाच्या घरी गेलं, ते असं.

खरा विचार दुकानदारीबाहेर चालला होता. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून ‘कोडा’ नावाच्या फाइलव्यवस्थेवर, म्हणजे संगणकातल्या फाइली साठवण्याच्या पद्धतीवर, काम करत होते. तिची रीत तीन टप्प्यांची: जोडणी आहे तोवर लागणाऱ्या वस्तू जवळ साठवा, जोडणी तुटली की जवळच्या साठ्यावर काम चालू ठेवा, जोडणी आली की मधले बदल मुख्य ठिकाणी पोचवा. पावसाळ्याआधी घरात बेगमी करून ठेवणाऱ्या खानापुरी माणसाला यातलं पहिलं पाऊल समजावून सांगावं लागणार नाही. अडचण तिसऱ्या पावलात आहे.

समजा घरातल्या यादीवर आई आपल्या फोनवरून रवा वाढवते आणि दादा शेतातून आपल्या फोनवरून तेल काढून टाकतो. दोघांनाही रेंज नाही. संध्याकाळी दोन्ही फोन जोडले गेले की खरी यादी कोणती? ज्याची वेळ नंतरची त्याचं खरं, असं म्हणावं तर फोनची घड्याळं चुकतात. वेगवेगळ्या यंत्रांतल्या घटनांचा क्रम घड्याळाशिवाय कसा लावायचा, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ सालीच मांडलं होतं. ॲमेझॉनने २००७ साली आपल्या ‘डायनॅमो’ या साठवण व्यवस्थेबद्दल लिहिलं, त्यात टोपलीचंच उदाहरण आहे. टोपलीत वस्तू टाकणं कधीही नाकारायचं नाही आणि दोन टोपल्या निघाल्या तर एकत्र करायच्या, हा त्यांचा नियम. त्यामुळे काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत टोपलीत दिसे आणि तेवढं त्यांनी पत्करलं. २०११ साली मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी अशा नोंदींची शिस्त सांगितली, जिच्यात नोंदी कोणत्याही क्रमाने आल्या तरी शेवट एकच निघतो.

आमच्याकडच्या उधारीच्या वहीत या शिस्तीचा गाभा पूर्वीपासून आहे. एक वही दुकानात, एक छोटं पुस्तक गिऱ्हाइकाकडे. चांगला दुकानदार ‘बाकी १२०’ खोडून ‘बाकी १४०’ लिहीत नाही. तो ‘घेतले ५०’, ‘दिले ३०’ अशा ओळी खाली जोडत जातो. बेरीज कधीही करता येते, आणि एखादी ओळ एका वहीत राहून गेली असेल तर ताडून पाहताना सापडते. खोडलेला आकडा मात्र परत सापडत नाही.

शिल्लक मालाला ही युक्ती पुरत नाही. बेळगावातल्या शहापूरची एकच साडी दोन गावांत रेंज नसताना विकली गेली, तर बेरीज करून दुसरी साडी निर्माण होत नाही. यावर संगणकशास्त्रज्ञ पॅट्रिक ओनील यांनी १९८६ साली सुचवलेल्या पद्धतीच्या वळणाने जाता येतं: माल आधीच वाटून द्यायचा. तेलाचे दहा डबे असतील तर चार जांबोटीच्या वाट्याचे, तीन कणकुंबीच्या, तीन खानापुरात. आपल्या वाट्यातलं ज्याने त्याने न विचारता विकावं. एकुलती एक वस्तू असेल, तर तिथे थांबायलाच हवं.

ब्राउझरने हे सगळं शिकायला वेळ घेतला. २००७ साली नेटविना साइट चालवण्यासाठी गूगलचं गिअर्स आलं आणि गेलं, नंतर पानं यंत्रात साठवून ठेवणाऱ्या ॲपकॅशने जुनीच पानं दाखवून लोकांना हैराण केलं, मग सर्व्हिस वर्कर आला, म्हणजे नेट नसतानाही साइटचं काम सांभाळणारा ब्राउझरमधला मदतनीस. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टने त्यावर आपली हलकी मोबाइल साइट उभी केली.

आपल्या कर्नाटकातला एक प्रयोग मला यापेक्षा जवळचा वाटतो. दोड्डबळ्ळापूर तालुक्यात ‘डाकनेट’ नावाच्या व्यवस्थेत बसवर वायफायचं यंत्र बसवलं होतं. बस गावातून जाताना तिथल्या संगणकातल्या मागण्या उचलायची, तालुक्याच्या गावी टाकायची आणि ‘भूमी’ या सरकारी संगणकीय व्यवस्थेतल्या जमीन नोंदी परत न्यायची. त्याबद्दलचा लेख २००४ साली प्रसिद्ध झाला. कंडक्टरमामांची चिठ्ठी आणि ही बस यांच्यात फरक कागदाचाच.

पैशांचं कोडंही उधारीसारखंच सुटलं, मर्यादा घालून. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये नेटविना पैसे देण्याची चौकट आणली तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपये आणि एकूण २,००० रुपये अशी हद्द होती. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० चे ५०० झाले. बँकेला विचारता येत नसेल, तर जेवढं बुडालं तरी सोसेल तेवढंच द्यायचं. दुकानदारही नवख्या गिऱ्हाइकाला तेवढीच उधारी देतो.

सीमाभागात आणखी एक गाठ आहे. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला बेळगावात येतात आणि चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि माल राज्याबाहेर जाणार की आत, यावर बिलातल्या कराचा प्रकार बदलतो. हे ठरवायला दुकानाच्या मुख्य संगणकाला विचारावं लागत नाही. पिनकोड ५९ ने सुरू झाला तर कर्नाटक, ४०३ ने तर गोवा, ४१६ ने तर महाराष्ट्र, एवढा तक्ता फोनमध्ये मावतो. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन विकायची मुभा मिळाली ती राज्यापुरतीच. घरगुती लोणची विकणाऱ्या बेळगावच्या बाईंनी साडेतीनशे किलोमीटरांहून लांबच्या बिदरला बरणी पाठवली तर चालते, शेजारच्या चंदगडला नाही. ही गोष्ट फोनने तिथल्या तिथे सांगायला हवी, दोन दिवसांनी रेंज आल्यावर नव्हे. बिलाचा क्रमांकही वर्षात एकदाच यायला हवा, म्हणून प्रत्येक फोनला स्वतःची वेगळी मालिका द्यावी लागते. कायद्याला एकाहून जास्त मालिका चालतात. आणि फोनमधल्या मालाच्या यादीत ‘गूळ’ शोधला काय, कन्नडमधला ‘बेल्ल’ शोधला काय, ढेप तीच निघायला हवी.

राहता राहिले पडद्यावरचे शब्द. रेंज नसताना बटण दाबल्यावर ‘ऑर्डर निश्चित झाली’ असं लिहून येणं खोटं आहे. तिथे ‘यादी लिहून घेतली’ एवढंच यावं. दुकानात गेली की ‘पोचली’, आणि माल खरोखर बाजूला काढला की ‘बांधून ठेवलं’. यादीला फोननेच क्रमांक द्यावा, म्हणजे पोच मिळाली नाही म्हणून तीच यादी तीनदा गेली तरी दुकानात पिशवी एकच बांधली जाते.