समस्थिती आणि रोगप्रतिकारक संस्था

शरीराचे अंतर्गत पर्यावरण ठरावीक मर्यादेत स्थिर राखण्याच्या क्रियेला समस्थिती म्हणतात. रोगप्रतिकारक संस्थेची ओळख जंतूंशी लढणारी संस्था अशी आहे. परंतु कोणताही संसर्ग नसताना तिचे जे काम अखंड चालते, ते समस्थितीसाठी तितकेच मोलाचे असून लष्कराची नेहमीची उपमा त्याला पुरी पडत नाही. रशियन प्राणिशास्त्रज्ञ ईल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये तारामीनाच्या डिंभात (अळीसारख्या बाल्यावस्थेत) काटा टोचून त्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षी पेशी पाहिल्या. बेडकाच्या रूपांतरणात शेपटी नाहीशी होताना तिचे ऊतक गिळणाऱ्या अशाच पेशींचाही त्यांनी त्या सुमारास अभ्यास केला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

या नित्यकर्माचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लोहाचा फेरवापर. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला अशा वीस लाखांहून अधिक पेशी निकामी होतात. प्लीहा व यकृत यांतील महाभक्षी पेशी, म्हणजे मोठ्या आकाराच्या भक्षी पेशी, त्यांना गिळतात, हीमोग्लोबिनाचे विघटन करतात आणि सुटे झालेले लोह रक्तातील वाहक प्रथिनाच्या हवाली करून अस्थिमज्जेकडे धाडतात. नव्या रक्तपेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून मात्र जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. बाकीचे सारे लोह या पेशींच्या काटकसरीतून मिळते. दाह दीर्घकाळ टिकला, तर यकृतातून स्रवणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकामुळे महाभक्षी पेशींतील लोह आतच अडकते आणि शरीरात साठा असूनही पांडुरोग उद्भवतो.

फुप्फुसांच्या वायुकोशांतील महाभक्षी पेशी तेथील जुना पृष्ठसक्रियक पदार्थ (वायुकोश मिटू न देणारा स्राव) साफ करतात; हे काम थांबल्यास वायुकोश त्याच पदार्थाने भरून श्वास घेणे कठीण होते. मेंदूतील सूक्ष्मश्लेषी पेशी, म्हणजे तेथील भक्षी पेशी, वाढीच्या वयात अनावश्यक चेतासंधी (चेतापेशींमधील जोडण्या) छाटतात.

प्रतिसाद आवरून धरणे हेही या संस्थेचेच काम आहे. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ओळख पटवलेल्या नियामक टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) स्वतःच्या ऊतकांवरील हल्ला रोखतात. फॉक्सपी३ या जनुकातील गंभीर दोषामुळे या पेशी निकामी असलेल्या मुलग्यांमध्ये जन्मानंतर लवकरच आतडे, त्वचा आणि अंतःस्रावी ग्रंथी यांवर स्वतःच्याच प्रतिकारपेशींचा हल्ला सुरू होतो.