बारा वर्षं कसलं म्हणून रान आपलं होतं का?

"बारा वर्षं आम्हीच पेरतोय, आता रान आमचं." औसा-निलंग्याकडं बांधावर भांडण पेटलं की हे वाक्य येतंच. बारा हा आकडा खोटा नाही, 1963 च्या मुदत कायद्यातलाच आहे. घोळ होतो तो ही वर्षं कधीपासून मोजायची यात.

समजा, मालक पुण्याला नोकरीला आणि रान गावातल्या कास्तकाराकडं बटईनं. दर हंगामाला सोयाबीनची निम्मी पोती मालकाच्या वाट्याची बाजूला पडतात. वेळ अमावस्येला तो लेकराबाळांसह येतो, कोपीपुढं बसून भज्जी-आंबील खाऊन जातो. हा ताबा मालकाच्या मर्जीचा. चाळीस वर्षं चालला तरी नुसत्या त्या ताब्यातून मालकी उगवत नाही.

विरोधी कब्ज्याची तऱ्हा उलटी. पोती बंद. मालक आला तर "तुझं इथं काय?" म्हणून बांधावरूनच परत, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक. ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारणारा हवा. बारा वर्षं तेव्हापासून सुरू होतात. तेवढ्या काळात मालकानं दावा लावला नाही तर त्याचा हक्कच संपतो. असा कब्जेदार स्वतःही मालकीचा दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली स्पष्ट केलं. सरकारी जमिनीला मुदत 30 वर्षांची, तेव्हा गायरानाला बाराचा हिशोब लावू नये.

भावाभावांच्या सामाईक रानात तर एकाचा ताबा सगळ्यांचाच धरतात. इतरांना उघडपणे हुसकावल्याशिवाय तो विरोधी होत नाही.

माझ्या मते खरी माती होते ती एकाच दाव्यात "आम्ही कूळ" आणि "आमचा विरोधी कब्जा" असं दोन्ही लिहिल्यावर. कूळ म्हटलं की समोरच्याच्या हाताखाली कसतो हे कबूल केलं, मग विरोध कुठला? कुळाची वाट वेगळी आहे. मराठवाड्यात ती 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्यानं तहसीलदाराकडं जाते.

सातबाऱ्यावरचा पीकपेरा कोणी पेरलं ते सांगतो, कुणाच्या मर्जीनं पेरलं ते नाही. म्हणून मुरलेला वकील कागद उघडण्याआधी विचारतो, "मालकाला शेवटचं पोतं कधी दिलं?"