साकेर (लॅटिन विशेषण)

साकेर, स्त्रीलिंगी साक्रा, नपुंसकलिंगी साक्रुम. जुन्या लॅटिनमधलं हे विशेषण डिक्शनरीत शोधलं की आधी 'पवित्र, देवाचं' असा अर्थ दिसतो आणि थोडं खाली गेलं की 'शापित, नीच, ओंगळ' असा एकदम उलटा. दोन्ही अर्थांना चांगल्या लेखकांचे दाखले आहेत, त्यामुळे एक चूक आणि एक बरोबर असं म्हणता येत नाही. या दोन टोकांचं करायचं काय यावर गेली सव्वाशे-दीडशे वर्षं भाषाशास्त्रज्ञ, कायद्याचे इतिहासकार आणि धर्माचे अभ्यासक भांडतायत.

रूपांबद्दल थोडक्यात. शब्द पहिल्या-दुसऱ्या गणात चालतो, तमभाव साकेर्रिमुस आहे पण तरभाव वापरात नाही. ज्या देवाचं ते असेल त्याचं नाव चतुर्थीत किंवा षष्ठीत येतं, म्हणजे 'ज्युपिटरला साकेर' किंवा 'ज्युपिटरचं साकेर'. नपुंसकलिंगी अनेकवचन साक्रा हे नाम म्हणूनच वापरलं जातं, अर्थ विधी, पूजाअर्चा. त्यात राज्याचे वेगळे आणि घराण्याचे वेगळे. याशिवाय साक्रिस असं गृहीत धरावं लागतं असं एक जुनं इकारान्त रूप होतं, ते जवळपास फक्त डुकराच्या पिल्लांच्या बाबतीत टिकलं. रोमन लेखक वार्रो सांगतो की पिल्लू जन्मल्यापासून दहाव्या दिवशी शुद्ध धरतात आणि तेव्हापासून ते बळी द्यायला चालतं म्हणून जुने लोक अशा पिल्लांना पोर्की साक्रेस म्हणायचे. प्लाउतुसच्या नाटकातही एक पात्र अशा पिल्लांचा बाजारभाव विचारतं. इथे 'पवित्र' पण नाही आणि 'शापित' पण नाही, फक्त 'देवाला द्यायला लायक' एवढाच साधा व्यवहारी अर्थ आहे, आणि पुढच्या सगळ्या वादात हा दाखला जितका वापरायला हवा तितका वापरला जात नाही असं वाटतं.

शब्दाचा सगळ्यात जुना पुरावा दगडावर आहे. १८९९ मध्ये जाकोमो बोनी रोमच्या फोरममध्ये खोदकाम करत असताना काळ्या फरशीचा एक तुकडा लागला आणि त्याच्या खाली एक तुटका चौकोनी खांब, चारी बाजूंनी कोरलेला. याला लापिस नीगेर म्हणजे 'काळा दगड' या जागेच्या नावानेच ओळखतात. अक्षरं ग्रीक वळणाची, ओळी उभ्या, एक ओळ वर जाते तर पुढची खाली येते. वरचा भाग तुटून गेल्यामुळे प्रत्येक ओळीचा एकेक तुकडाच हातात आहे आणि सलग वाक्य कुठेच लागत नाही, पण 'साक्रोस एसेद' हे दोन शब्द स्पष्ट वाचता येतात, पुढे एका ठिकाणी 'रेकेई' आहे म्हणजे 'राजाला'. काळ बहुतेक जण इ.स.पू. सहाव्या शतकातला धरतात, त्यातही मध्याच्या आसपासचा, अर्थात अक्षरवळणावरून लावलेली तारीख जितकी पक्की असते तितकीच ही पक्की. साधारण समजूत अशी की 'जो कोणी इथे असं असं करेल तो साकेर होईल' अशी ती ताकीद आहे. पण साकेर होणारा तो माणूस, की ती जागा, की दगड, यावर एकमत नाही, कारण कर्ता तुटलेल्या भागात गेलाय. माणूस असावा हे जास्त पटतं, पुढे येणारे कायदे याच साच्यातले आहेत म्हणून.

ध्वनींच्या दृष्टीने हा साक्रोस फार मोलाचा आहे. साक्रोसमधला शेवटचा ओ गळाला, र एकटा पडला, त्याच्या आधी ए घुसला आणि शेवटचा स पडून साकेर झालं. आग्रोसचं आगेर, म्हणजे शेत, झालं ते असंच, आणि तिथे तर संस्कृतातला अज्र शब्द सोबतीला आहे. म्हणजे व्याकरणकारांनी कागदावर मांडलेली पायरी दगडावर सापडली. मूळ धातू साक् असा धरतात, त्याला मध्ये न लागून सान्किओ ('कायदा देवाच्या साक्षीने पक्का करणं') आणि त्यावरून सान्क्तुस. पुजारी या अर्थाचा साकेर्दोस हा 'साक्र' आणि 'ठेवणं, करणं' या अर्थाचा धातू मिळून झाला, तो दुसरा धातू म्हणजे आपल्या संस्कृत 'धा'चाच भाऊबंद. इटलीतल्याच ऑस्कन भाषेत साकाराक्लुम म्हणजे देऊळ, उम्ब्रियनमध्ये गुब्बिओच्या कांस्यपत्र्यांवर साक्रे हा शब्द बळीच्या जनावरासाठी येतो, वरच्या पिल्लांशी तो नेमका जुळतो. इटलीबाहेर हित्तीतल्या शाक्लाइ 'रीत, विधी' या शब्दाशी नातं लावतात, ते शक्य आहे पण सगळ्यांना मान्य नाही. एट्रुस्कनमध्येही साक्नी वगैरे शब्द आहेत, कोणी कोणाकडून घेतला हे नक्की सांगता येत नाही. मराठी वाचकाला इंद्राच्या 'शक्र' या नावाची आठवण होणं साहजिक आहे, पण तो संबंध लावू नये. शक्र हा शक् 'समर्थ असणं' यातून आलाय आणि संस्कृत श-च्या जागी लॅटिनमध्ये क येतो, स नाही.

आता मूळ भांडण, ते आहे 'साकेर एस्तो' या कायदेशीर सूत्रावरून: 'तो साकेर होवो'. राजांच्या काळातले म्हणून जे कायदे नंतरच्या लेखकांनी जपले त्यांत हे सूत्र परत परत येतं. शेताच्या हद्दीचा दगड नांगरून काढला तर तो माणूस आणि त्याचे बैल दोघेही साकेर, हा नियम नुमाच्या नावावर. मुलाने बापाला मारलं आणि बापाने ओरडून हाक दिली तर मुलगा घराण्याच्या देवांना साकेर, हा सेर्विउस तुल्लिउसच्या नावावर. सुनेबद्दलही असंच काहीतरी होतं पण तो मजकूर तुटका आहे. बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४५१-४५० मध्ये, आश्रयदात्याने आपल्या आश्रिताला फसवलं तर तो साकेर. राजांची नावं अक्षरशः खरी मानायची गरज नाही, पण नियम जुने आहेत याबद्दल फारशी शंका घेतली जात नाही. यात एक गोष्ट ठळक दिसते: हे असे गुन्हे आहेत जे बाहेरच्याला सिद्ध करणं अवघड, घरातले, बांधावरचे, विश्वासातले.

नंतर हेच हत्यार राजकारणात आलं. इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेब्स म्हणजे सामान्य नागरिक रोम सोडून आनिओ नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसले (तीच पुढे मोन्स साकेर म्हणून ओळखली गेली) आणि आपल्या ट्रिब्यूनला (प्लेब्सच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याला) हात लावील तो साकेर अशी शपथ घेतली, निदान परंपरा तसं सांगते. रोमन इतिहासकार लिव्हीने इ.स.पू. ४४९ च्या कायद्याचे शब्द दिलेत, त्यात अशा माणसाचं डोकं ज्युपिटरचं आणि घरदार-मालमत्ता विकून पैसा सेरेस, लिबेर आणि लिबेराच्या देवळाला असं स्पष्ट वाटप आहे.

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा उतारा फेस्तुसचा, दुसऱ्या शतकातला. फेस्तुसने ऑगस्टसच्या काळातल्या वेर्रिउस फ्लाक्कुसचा मोठा कोश संक्षिप्त केला, आणि फेस्तुसचं एकच हस्तलिखित उरलं तेही अर्धंमुर्धं, म्हणजे आपण गाळलेल्याचं गाळलेलं वाचतोय हे लक्षात ठेवायला हवं. तो म्हणतो, होमो साकेर म्हणजे ज्याला लोकांनी गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं असा माणूस; त्याचा बळी देणं धर्माला मान्य नाही, पण त्याला कोणी मारलं तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष येत नाही; आणि यावरूनच कुठल्याही वाईट माणसाला साकेर म्हणायची पद्धत पडली.

देवाचा माणूस, मग त्याला मारायची मुभा कशी? हा प्रश्न आपल्यालाच पडलाय असं नाही, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा माक्रोबिउस लिहितो की बाकीच्या साकेर गोष्टींना धक्का लावणं पाप असताना साकेर माणसाला मारणं रास्त कसं याचं काहींना नवल वाटतं. त्याचं उत्तर असं की अशा माणसाचा जीव देवाचं देणं होता, म्हणून तो लवकरात लवकर देवाकडे पोचवायचा. हे उत्तर उशिराच्या काळातलं आहे, जुळवून आणलेलं वाटतं, पण पुढच्या कित्येक उत्तरांपेक्षा ते शब्दाच्या जवळ आहे.

आधुनिक मतांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. पहिला म्हणतो की ही आधी खरीखुरी बळी देण्याची शिक्षा होती आणि नंतर तिच्यातला धर्म गळून पडला. दुसरा गट द्विधा पवित्रतेचा: रॉबर्टसन स्मिथने १८८९ मध्ये सेमिटिक धर्मांवर लिहिताना पवित्र आणि अपवित्र एकाच निषेधातून फुटतात असं मांडलं, १९११ मध्ये वॉर्ड फाउलरने तेच साकेरला लावलं, मूळ अर्थ नुसता 'निषिद्ध, वेगळं काढलेलं', देवाचा संबंध नंतरचा. दुर्खीमनेही १९१२ मध्ये हीच द्विधा पवित्रता उचलून धरली. फ्रॉइडने त्याच्याही आधी, १९१० मध्ये, कार्ल आबेलच्या आधाराने साकेरचा दाखला आदिम शब्दांत परस्परविरोधी अर्थ एकत्र नांदतात यासाठी दिला, त्यावर बेनव्हेनिस्तने नंतर भाषेच्या अंगाने कडक टीका केली, तरी साकेर दुहेरी आहे हे खुद्द बेनव्हेनिस्तने १९६९ च्या ग्रंथात मान्यच केलंय. तिसरा गट जॉर्जो आगाम्बेनचा, १९९५ पासूनचा. त्याच्या मते द्विधा पवित्रता हे एकोणिसाव्या शतकाचं मिथक आहे, होमो साकेर हा देवाच्या आणि माणसाच्या दोन्ही कायद्यांतून बाहेर काढलेला उघडा जीव. राज्यशास्त्रात ही मांडणी प्रचंड गाजली, रोमन कायद्याच्या अभ्यासकांना मात्र ती तितकी पटली नाही, कारण देवाला दिलेला माणूस देवाच्या कायद्याबाहेर कसा हे फेस्तुसच्या एका वाक्यावरून सिद्ध होत नाही. रोबेर्तो फिओरीने १९९६ मध्ये सूत्राचा कायद्याच्या अंगाने मोठा अभ्यास केला, त्याची दिशा आगाम्बेनपेक्षा वेगळी आहे.

सिसेरोचा मित्र, कायदेपंडित त्रेबातिउस, याची व्याख्या माक्रोबिउसनेच जपून ठेवलीय: जे काही देवांचं धरलं जातं ते साक्रुम. मालकी, एवढंच. आपल्याकडे देवाला सोडलेला पोळ जसा कोणाच्याच दावणीचा राहत नाही तसं काहीसं, फरक इतकाच की पोळाला कोणी मारत नाही. वस्तू देवाची झाली की तिला माणसाने हात लावायचा नाही, आणि माणूस देवाचा झाला की त्याला माणसांच्यातलं संरक्षण उरत नाही. पहिल्यातून 'पवित्र', दुसऱ्यातून 'शापित'. दोन टोकं असलेला एक गूढ आदिम शब्द मानण्यापेक्षा हे सरळ दिसतं, आणि डुकराची पिल्लंही यात विनासायास बसतात.

साहित्यात वाईट अर्थ प्लाउतुसपासून शिवीसारखा येतो. मित्राने गंमत म्हणून पाठवलेल्या टुकार कवितांच्या पुस्तकाला कातुल्लुस भयंकर आणि साकेर म्हणतो. होरेस सातव्या एपोडमध्ये (एपोड हा त्याचा एक कविताप्रकार) रेमुसचं रक्त नातवंडांना साकेर झालं म्हणतो, तिथे शाप हाच अर्थ. व्हर्जिलचं 'आउरी साक्रा फामेस', सोन्याची ती शापित भूक, हे तर सगळ्यात प्रसिद्ध. पोलिदोरुसला सोन्यासाठी मारलं त्या प्रसंगात ते येतं. दान्तेने 'पुर्गातोरिओ'च्या बाविसाव्या सर्गात ही ओळ रोमन कवी स्ताटिउसच्या तोंडी अशी घातलीय की तिचा अर्थ 'पवित्र भूक' असाही लागतो, त्याने चुकून की मुद्दाम यावर टीकाकारांचे दोन पक्ष आहेत. मुद्दाम असावं.

साकेर, सान्क्तुस आणि रेलिगिओसुस यांची सरमिसळ करू नये. गायुसच्या दुसऱ्या शतकातल्या पाठ्यपुस्तकात वरच्या देवांना वाहिलेलं ते साकेर, मृतात्म्यांना सोडलेलं, म्हणजे थडगं, ते रेलिगिओसुस, आणि शहराच्या भिंती-वेशी सान्क्तुस. साकेर करायचा अधिकार फक्त रोमन लोकांचा, कायद्याने किंवा सेनेटच्या ठरावाने. खाजगी माणसाने कितीही मंत्र म्हटले तरी होत नाही. हे नुसतं पुस्तकी नव्हतं. इ.स.पू. ५८ मध्ये सिसेरो हद्दपार असताना त्याचा राजकीय शत्रू क्लोदिउस याने त्याचं पालातिन टेकडीवरचं घर पाडून जागेचा काही भाग स्वातंत्र्यदेवतेला अर्पण करून टाकला, पुढच्या वर्षी सिसेरो परत आला आणि धर्ममंडळापुढे त्याने हाच मुद्दा लढवला, लोकांनी नाव घेऊन अधिकार दिला नव्हता म्हणून जागा साकेर झालीच नाही. मंडळाने ते मानलं आणि जागा परत मिळाली.

साकेरवरूनच आलेला साक्रामेन्तुम हा शब्द. तो आधी दाव्यात लावायची रक्कम, दाव्याची किंमत १००० आस (रोमन नाणं) किंवा जास्त असेल तर ५०० आणि कमी असेल तर ५०. हरणाऱ्याची रक्कम खजिन्यात. मग सैनिकाची शपथ, आणि साधारण इ.स. २०० च्या सुमारास तेर्तुल्लिआनुसपासून ख्रिस्ती संस्कार. साम्राज्याच्या शेवटच्या काळात साकेर म्हणजे 'बादशाही' इतकंच उरलं, बादशहाचं शयनगृह साक्रुम आणि खजिन्याचं एक खातंही साक्राए. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला साक्रिस्तांव, चर्चमधली पूजेची भांडी आणि वस्त्रं सांभाळणारा, याच कुळातला.

वैद्यकात तीन प्रयोग टिकले. मोर्बुस साकेर म्हणजे अपस्मार, ग्रीक नावाचं भाषांतर. हिप्पोक्रातेसच्या नावावरच्या ग्रंथात हा आजार बाकीच्यांपेक्षा जास्त दैवी नाही असं ठासून सांगितलंय. इग्निस साकेर, 'साकेर आग', हे नाव लुक्रेतिउस, व्हर्जिल आणि केल्सुस यांच्याकडे त्वचेच्या वेगवेगळ्या रोगांना लावलेलं दिसतं, मध्ययुगात ते बुरशी लागलेल्या राय धान्यातून होणाऱ्या अरगटच्या विषबाधेला चिकटलं. तिसरा ओस साक्रुम, कण्याच्या खालचं हाड, तेही ग्रीक हिएरोन ओस्तेओनवरून. हे हाड पवित्र का, तर बळीत ते देवाला जायचं म्हणून असं एक मत, त्यातून माणूस पुन्हा उठतो अशा समजुतीमुळे असं दुसरं, आणि ग्रीक हिएरोसचा जुना अर्थ 'मोठं, बळकट' असा असावा म्हणून हे नुसतं 'मोठं हाड' असं तिसरं. तिसऱ्याला भाषेचा थोडाफार आधार आहे, पहिल्या दोघांना प्राचीन पुरावा तुटपुंजा. मराठीत याला त्रिकास्थी म्हणतात, ते संस्कृत त्रिकवरून आलेलं स्वतंत्र नाव आहे. डॉक्टर मंडळी बोलताना सर्रास सेक्रम म्हणतात.