दुचाकीचे वाहतूक नियम (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात मोटारसायकल, स्कूटर व मोपेड चालवणाऱ्यांना लागू असलेले नियम. त्यांचा पाया केंद्राचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे. मात्र यंत्रचलित वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. वाहनकर किती, जागेवर चलान भरून प्रकरण मिटवायचे तर किती रुपयांत, कोणत्या रस्त्यावर दुचाकी न्यायची नाही, हे राज्याच्या पातळीवर ठरते. त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली की त्याच चुकीचा दंड बदलू शकतो.

हेल्मेटचेच पाहा. कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचे आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. पगडी बांधलेल्या शिखांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबन अशी शिक्षा घातली; महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड शुल्क, म्हणजे जागेवर प्रकरण मिटवण्याची रक्कम, ५०० रुपये ठेवले. मागे बसणाऱ्यांवर मुंबईत जून २०२२ मध्ये कारवाई सुरू झाली, तेव्हा अनेकांना हा नियम नवा वाटला. तो नवा नव्हता. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये कडक अंमलबजावणी होताच आंदोलने झाली. शहरात वेग कमी असतो, मग हेल्मेट कशाला, हा तिथला नेहमीचा युक्तिवाद. पण संथ गाडीवरून पडूनही डोके डांबरावर आपटतेच, त्यामुळे तो टिकत नाही.

हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असावे, असे कायदाच म्हणतो. हनुवटीखाली पट्टा लोंबत असेल तर पडताना हेल्मेट आधी निसटते. १ जून २०२१ पासून आयएसआय या भारतीय मानक चिन्हाविना हेल्मेट विकण्यास बंदी आहे. रस्त्याकडेचे स्वस्त हेल्मेट घेताना ही खूण पाहावी. चार वर्षांखालच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. स्कूटरच्या फूटबोर्डवर मूल मोकळे उभे करण्याची घरोघरची सवय यात बसत नाही.

सोळाव्या वर्षी लायसन मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे. अकरावीतल्या मुलाच्या हाती ११० सीसीची स्कूटर दिली तर जबाबदारी पालकांवर किंवा गाडीमालकावर येते. कलम १९९-अ मध्ये त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. ट्रिपलसीटलाही कायद्यात १,००० रुपये दंड व लायसन निलंबन आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू व मुंबईतील ईस्टर्न फ्रीवे येथे दुचाकीला मनाई आहे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहणार असेल तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो. २०२१ मध्ये आलेल्या बीएच (भारत) या देशभर चालणाऱ्या नोंदणी मालिकेच्या गाड्यांना ही यातायात नाही.

भाड्याच्या दुचाकीबाबत शेजारचा गोवा पुढे होता. तिथे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरचे ‘पायलट’ अनेक दशके परवान्यावर प्रवासी नेतात. महाराष्ट्राने बाइक टॅक्सीला २०२५ मध्ये मान्यता दिली, तीही फक्त विजेवरच्या गाड्यांना.