दाढ काढल्यावर पुन्हा बधिर झालेला ओठ

दाढ काढली की काही तासांत भूल उतरते आणि ओठाला जाणीव येते. पण आठ-दहा दिवसांनी तोच ओठ, तीच हनुवटी पुन्हा बधिर वाटू लागली तर? गरोदर बाई 'या दिवसांत काही ना काही होतंच' म्हणून ते अंगावर काढते. पण तो जबड्याच्या हाडात जंतुसंसर्ग (ऑस्टिओमायलायटिस) झाल्याचं लक्षण असू शकतो. तिने तसं करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

खालच्या जबड्याच्या हाडात एक अरुंद बोगदा असतो. ओठ-हनुवटीची जाणीव वाहून नेणारी नस आणि हाडाला रक्त पुरवणारी धमनी त्यातून जोडीने जातात. दाढेच्या खड्ड्यातून जंतू हाडाच्या मगजात उतरले की पू साठतो. बाहेरचं हाड टणक, त्यामुळे सुजेला फुगायला जागाच नसते. आत दाब वाढतो, रक्तवाहिन्या चेपतात आणि हाडाचा तुकडा मरतो. नस चेपली की ओठ बधिर होतो. मेलेल्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणजे गोळीतलं औषधही जात नाही. म्हणूनच अनेकदा तो तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागतो, शिवाय अँटिबायोटिक कित्येक आठवडे चालतं. वरच्या जबड्यात रक्तपुरवठा भरपूर, तिथे हे क्वचितच होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठणारी जीवघेणी कळ बहुधा वेगळी: खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. ताप, पू, वाढती सूज आणि बधिरपणा आला तर मात्र हाडातल्या जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. हा आजार दुर्मीळच. गरोदरपणातल्या मधुमेहाने धोका वाढतो.

एक्स-रे सुरुवातीला फसवतो. हाडातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा क्षार गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. दातांच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात, तेव्हा गरज असेल तर तो टाळू नये. पेनिसिलिन गटातली औषधं गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहेत. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक टाळतात, कारण त्या गटातल्या औषधांनी बाळाच्या दातांवर डाग पडतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, 20 आठवड्यांनंतर तर नाहीच. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच सांगितलं, की गरोदरपणात दातांचे उपचार सुरक्षित आहेत. भीती बाळगायची ती न काढलेल्या पुवाची.

जिभेखाली सूज येऊन गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा आणि कितवा महिना आहे ते आधी सांगा.