बॉइस की ॲपलयार्ड? खोसा बायबलमागचे दोन मेथडिस्ट

दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत बायबल कुणी आणलं, हा प्रश्न निघाला की दोन नावांची हमखास सरमिसळ होते: विल्यम बिनिंग्टन बॉइस आणि जॉन व्हिटल ॲपलयार्ड. गोंधळ साहजिक आहे. दोघेही इंग्रज, दोघेही वेस्लियन मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनरी, दोघेही दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिशांच्या केप वसाहतीच्या पूर्व सरहद्दीवर राबलेले. दोघांनी खोसाचं व्याकरण लिहिलं आणि पुस्तकांची नावंही जवळपास सारखी. (त्या नावांत खोसा लोकांसाठी वापरलेला शब्द आज तिथे वंशद्वेषी शिवी मानला जातो, म्हणून इथे नुसतं ‘व्याकरण’ म्हणू.) कामं मात्र अगदी वेगळी.

बॉइस आधीचे. ते 1830 मध्ये आफ्रिकेत आले आणि म्पोंडो लोकांचा राजा फाकू याच्या मुलखात बंटिंगव्हिल इथे त्यांनी मिशनचं ठाणं उभारलं. त्यांचं व्याकरण 1834 मध्ये ग्रॅहम्सटाउनला छापलं गेलं. आकाराने किरकोळ, पण त्यात एक मोठी गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली होती. आपण ‘मोठा मुलगा चालला, मोठी मुलगी चालली’ म्हणतो, तेव्हा जुळणी शब्दांच्या शेवटी दिसते. खोसात ती सुरुवातीला होते. ‘अबान्तु अबाखुलु बायाहाम्बा’ म्हणजे मोठी माणसं चालतात. इथे नामातला ‘बा’ विशेषणात आणि क्रियापदातही येतो. कुत्रे असतील तर ‘इझिंजा एझिंकुलु झियाहाम्बा’: ‘बा’च्या जागी सगळीकडे ‘झि’. आधीच्या मिशनऱ्यांना हे बदल विस्कळीत वाटत होते. बॉइसनी त्यामागचा नियम दाखवला आणि त्याला नादमाधुर्याची जुळणी ठरवलं. नाद हे खरं कारण नव्हे, नामांचे वर्ग (आपल्या लिंगांसारखे नामांचे गट) हे आहे, पण जुळणी त्यांनी अचूक पकडली होती.

हे श्रेय एकट्या बॉइसना देणं मला पटत नाही. त्यांच्यासोबत थिओफिलस शेपस्टोन नावाचा मिशनऱ्याचा मुलगा होता. सोळा-सतरा वर्षांचा, लहानपणापासून खोसा मुलांत वाढलेला, ती भाषा सहज बोलणारा. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्याच नाताळ नावाच्या ब्रिटिश वसाहतीत बडा अधिकारी झाला तो हाच. ज्यांच्याकडून तो ती भाषा शिकला, त्या खोसा माणसांची नावं मात्र या श्रेयात कुठेच येत नाहीत, आणि ही उणीव मला फार बोचते.

बॉइस 1843 मध्ये आफ्रिकेतून निघून गेले. 1855 मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या मेथडिस्ट परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1889 मध्ये सिडनीत वारले. खोसा हा त्यांच्या लांब कारकिर्दीतला एक टप्पा.

ॲपलयार्डचं मात्र सगळं आयुष्यच त्या एका भाषेत गेलं. 1840 च्या सुमारास आलेला हा माणूस 1874 मध्ये तिथेच वारला. त्यांचं 1850 चं पुस्तक म्हणजे केवळ व्याकरण नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांचं वर्गीकरणही त्यात होतं. उच्चारात टिचकीसारखे आवाज असलेल्या खोइ-सान भाषा एका गटात आणि जुळणीच्या भाषा दुसऱ्या गटात. खोसात टिचक्याही आहेत, तरी तिला त्यांनी जुळणीच्या गटात बसवलं. आजही ती बांटू या आफ्रिकी भाषाकुळातच गणली जाते. वरवरच्या आवाजापेक्षा रचनेला महत्त्व द्यायचं हे त्यांना उमगलं होतं.

भाषांतर युद्धांच्या धामधुमीत चाललं. बायबलचा नवा करार 1846 मध्ये निघाला, त्याच वर्षी ब्रिटिश आणि खोसांमधलं ‘कुऱ्हाडीचं युद्ध’ पेटलं. किंग विल्यम्स टाउनजवळच्या माउंट कोकच्या छापखान्यातून 1859 मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडलं. त्यात इतरांचाही हात होता, अगदी सगळं ॲपलयार्डचं म्हणता येणार नाही. 1864 ची सुधारित आवृत्ती मात्र त्यांचीच.

तिच्यावर टीका झाली. भाषा पुस्तकी आहे, खोसा माणूस असं बोलत नाही, असा आक्षेप होता. फेरतपासणीसाठी नेमलेल्या मंडळात वेगवेगळ्या मिशनचे लोक होते आणि तियो सोगाही होते: 1856 मध्ये स्कॉटलंडमध्ये पाद्रीपदाची दीक्षा घेतलेले पहिले खोसा. ॲपलयार्डच्या मजकुरावर खोसा मातृभाषेच्या माणसाला अधिकाराने बोलता आलं ते इथे. सोगा 1871 मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. तपासणीचं काम 1880 च्या दशकाअखेर पूर्ण झालं.